भिशीचे तीस हजार आणि पहिली सायकल: एका बजेटचं प्रकरण

माणूस: माझ्या वहिनी. वय ३८, उंची पाच फूट दोन इंच, वजन ५६ किलो. राहायला साताऱ्यात गोडोलीला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माध्यमिक शाळेत शिक्षिका. शाळा कोरेगाव रस्त्याला, माहुलीचा पूल ओलांडून पुढे, घरापासून साधारण ८ किलोमीटर. जाताना कृष्णेकडे उतार, येताना तोच चढ. सायकल शेवटची चालवली ती अकरावीत. हातात भिशीचे ३०,००० रुपये. त्यातून शाळेला जायला, आणि दम वाढला की रविवारी यवतेश्वरचा घाट चढायला, टिकेल अशी चांगली सायकल हवी होती.

"चांगली सायकल कितीला येते?" हा प्रश्न मला पुण्यात कुणी ना कुणी विचारतच असतं. उत्तरात लोकांना एक आकडा हवा असतो आणि तो सांगितला की ते तेवढे पैसे घेऊन दुकानात जातात. मग हेल्मेट राहतं, दिवा राहतो, पंप राहतो. दोन महिन्यांनी सायकल जिन्याखाली जाते. वहिनींनी तसं केलं नाही. त्यांनी वहीत आकडे मांडून ही खरेदी केली, त्यामुळे सगळा हिशेब हाताशी आहे. त्यांना विचारूनच तो इथे देतोय.

घरातली मतं

आमचे आप्पा म्हणाले, "सायकलीला तीस हजार? एवढ्यात जुनी मोटारसायकल येते." आप्पांची ॲटलस अजून घरी आहे, त्यांची नोकरीची सगळी वर्षं तिच्यावर गेली. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, बंद पडला. पण त्या घडणीच्या सायकलीचा बारीकसारीक भाग अजूनही कुठल्याही बाजारगावात मिळतो. आप्पांचं म्हणणं कंजूषपणाचं नव्हतं. दुरुस्ती जवळ आणि स्वस्त असली पाहिजे, हा त्यांचा अनुभव होता आणि पुढे तो आमच्या हिशेबात आलाच.

दादाचं मत उलट. "घ्यायची तर एकदाच घे. अडतीस हजारवाली घे, वरचे हप्त्याने देऊ." चौदा वर्षांच्या पुतण्याने मोबाईलवर एक काढून दाखवली: जाड टायर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, २१ गियर, किंमत १५,०००. "काका, यात सगळंच आहे!"

वहिनींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला फोन केला. "भाऊजी, तुम्ही आत्ताच सायकलींची नावं सांगू नका. आधी एवढं सांगा, सायकल सोडून आणखी कशाकशाला पैसे लागतात?"

नव्या माणसाने विचारावा असा याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही.

पाव भाग आधी बाजूला

मी त्यांना सांगितलं की ३०,००० मधले ७,५०० दुकानात पाऊल टाकण्याआधीच बाजूला काढा. सायकल बघायची ती २२,५०० च्या आतली. हा पाव भागाचा नियम काही कुठल्या पुस्तकातला नाही. साधारण पंचवीस-तीस हजारांच्या बजेटला तो जुळतो, एवढंच. सायकल एक लाखाची असेल तर हेल्मेट-दिव्याला पाव लाख लागत नाहीत. बजेट १२,००० असेल तर पाव भाग पुरणार नाही, कारण हेल्मेटची किंमत सायकलीच्या किमतीप्रमाणे कमी होत नाही.

त्या ७,५०० त काय बसवायचं हे वहिनींच्या रस्त्याकडे बघून ठरलं. कोरेगाव रस्त्याला दसरा झाला की उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात, एकेकामागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि शेवटच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. शनिवारी शाळा सकाळची. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे घरून निघताना अंधार. तेव्हा पुढचा दिवा नुसता लुकलुकणारा चालणार नव्हता, रस्त्यातला खड्डा दिसेल असा हवा होता. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवायचा. हेल्मेटच्या बाबतीत त्यांनी विचारलं, "ॲक्टिव्हाचं आहेच की, तेच घातलं तर?" ते नाही चालत. मोटारसायकलचं हेल्मेट जड असतं, त्यात वारा खेळत नाही, चढाला डोकं उकडून निघतं आणि आठवडाभरात माणूस ते घरीच ठेवायला लागतो. सायकलचं हेल्मेट घेताना आतल्या बाजूला ईएन १०७८ किंवा सीपीएससी या मानकाची चिठ्ठी आहे का बघायचं, आणि हेल्मेटच्या मागचं आवळायचं छोटं चाक फिरवून ते डोक्यावर घट्ट बसतं का, मान खाली घातली तर डोळ्यांवर येतं का, हे तपासायचं. या दोन गोष्टी जमल्या की महाग-स्वस्त फरक बहुतेक वजनाचा आणि दिसण्याचा उरतो.

पंपाबद्दल मी आग्रह धरला. काटा असलेला, पायाखाली धरून मारायचा पंप हजार-बाराशेला येतो आणि लोक तो सर्रास गाळतात. सायकलच्या ट्यूबमधून हवा आपोआप थोडीथोडी कमी होत असते. दर आठवड्याला भरली नाही तर चाक खड्ड्यात आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. ते पंक्चर टायरच्या दर्जामुळे नसतं, हवा कमी असल्यामुळे असतं.

नंतर बदलता न येणारं

आता २२,५०० ची सायकल कशी निवडायची? इथे मी वहिनींना एकच कसोटी दिली: जे नंतर बदलता येत नाही, किंवा बदलायला सायकलीच्या मानाने फार पैसे लागतात, त्याला आज पैसे द्यायचे. जे पुढे पाचशे-हजारात बदलता येतं ते आज कसंही असलं तरी चालेल.

या कसोटीने बघितलं तर यादी लहान होते. फ्रेम आणि तिचं माप बदलत नाही. पुढचं चाक धरून ठेवणारा फोर्क बदलणं परवडत नाही. डिस्क ब्रेक बसायची जागा फ्रेमवर नसेल तर ती नंतर येत नाही. आणि मागच्या चाकाचा हब, म्हणजे चाकाचा मधला गोल भाग, ज्याकडे दुकानात कुणीच बघत नाही. सीट, टायर, पेडल, ग्रिप, अगदी हँडलसुद्धा पुढे बदलता येतं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो गियरचा आकडा तर या यादीत कुठेच नाही.

हबबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण १५,००० ची आणि २२,००० ची सायकल यातला खरा फरक बऱ्याचदा तिथे असतो. स्वस्त सायकलीत मागच्या दातेरी चकत्या आणि त्यांची टिकटिक करणारी यंत्रणा मिळून एक गोळा असतो, तो हबवर आट्यांनी घट्ट बसवलेला असतो. हे फ्रीव्हील. त्याची अडचण अशी की उजव्या बाजूचं बेअरिंग चकत्यांच्या आतल्या अंगाला राहतं आणि ॲक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) बराच भाग आधाराशिवाय बाहेर राहतो. माणसाचं वजन, खड्डे, चढाला उभं राहून मारलेली पेडलं या सगळ्यात तो ॲक्सल वाकतो, कधी मोडतो. दुसरा प्रकार कॅसेटचा. त्याच्या हबमध्ये टिकटिकीची यंत्रणा हबचाच भाग असते, बेअरिंग टोकाजवळ बसतं आणि चकत्या नुसत्या खाचांत सरकवलेल्या असतात. ॲक्सलला आधार मिळतो, शिवाय चकत्या झिजल्यावर तेवढ्याच बदलता येतात.

दुकानात ओळखायचं कसं? सायकल उचलून धरायची, मागच्या चकत्या उलट्या फिरवायच्या आणि मधोमध जिथे पाना बसतो त्या खाचांकडे बघायचं. चकत्यांबरोबर त्या खाचाही फिरल्या तर कॅसेट. चकत्या फिरल्या आणि खाचा जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. वहिनींनी हे दुकानात करून बघितलं तेव्हा काउंटरवरचा मुलगा दोन मिनिटं बघत राहिला आणि मग त्यांना दाखवायच्या सायकली बदलल्या.

चार पर्याय, आणि तीन का गळाले

पुतण्याची निवड पहिली गळाली. लोखंडी फ्रेम, वजन १७ किलोच्या पुढे. घाटापेक्षाही मोठा प्रश्न जिन्याचा होता: इमारतीच्या पार्किंगमध्ये सायकल ठेवायची नाही असं ठरलं तर ती रोज दोन मजले चढवायची कोणी? या किमतीतला शॉकअप म्हणजे लोखंडी स्प्रिंगचा दोन किलोहून जड फोर्क. तो खड्ड्यात थोडा हलतो खरा, पण चढाला पेडल मारताना पायाची ताकदही खातो. आणि सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येणार होती. ऑनलाइन सायकलींवर "८५ टक्के जोडलेली" असं लिहिलेलं असतं. उरलेल्या १५ टक्क्यांत ब्रेक, हँडल आणि पेडल येतात, म्हणजे ज्यावर जीव अवलंबून तेच. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे माहीत नसलेल्या माणसाने ते जोर लावून फिरवलं की क्रँकचे (पेडल ज्या दांड्याला लागतं त्याचे) आटे गेले.

दादाच्या ओळखीच्याची जुनी रोड बाइक २२,००० ला मिळत होती. सायकल खरोखर चांगली होती, नवी घेतली तेव्हा त्या माणसाने दुप्पट मोजले असावेत. पण फ्रेम ५६ सेंटिमीटरची. वहिनींच्या पायाची आतली लांबी ७२ सेंटिमीटर. त्या सायकलीवर त्यांना नीट बसवणारं कुठलंही सीट किंवा हँडल जगात नाही. वापरलेली सायकल घेणं शहाणपणाचं असू शकतं, फक्त ती आपल्या मापाची आपोआप समोर आली तर. माप सोडून स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नये.

अडतीस हजारवाली तिसरी. तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक, मागे ९ चकत्या, वजनाला हलकी. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. पण हातात ३०,००० असताना ती घेतली असती तर सगळी भिशी आणि वर आठ हजारांचा हप्ता सायकलीतच गेला असता. हेल्मेट, दिवे, कुलूप, पंप यांना हप्ता मिळत नाही. ते रोखीने घ्यावे लागतात आणि रोख संपलेली असते. दादाला हा मुद्दा पटायला वेळ लागला. वहीतली बेरीज बघितल्यावर पटला.

राहिली चौथी: ॲल्युमिनियमची हायब्रिड (रोड बाइक आणि जाड टायरची सायकल यांच्या मधली), साधा ताठ फोर्क, पुढे ३ चकत्या, मागे ८ ची कॅसेट, शिमानो कंपनीचे गियर, तारेने ओढायचे डिस्क ब्रेक, ७०० बाय ३५ चे, म्हणजे ३५ मिलिमीटर रुंदीचे टायर. छापील किंमत २४,०००. म्हणजे मर्यादेच्या दीड हजार वर.

इथे योग जुळून आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, सुट्या भागांवरचाही. छापील किमतीत जुना १२ टक्के कर धरलेला होता, त्यामुळे २४,००० ला १.१२ ने भागून १.०५ ने गुणलं की २२,५०० येतात. दुकानदार सुरुवातीला "छापील किमतीवर पाचशे कमी करतो" म्हणत होता. वहिनी गणिताच्या शिक्षिका आहेत. त्यांनी त्याच्याच कॅल्क्युलेटरवर हिशेब करून दाखवला आणि पक्कं बिल मागितलं. दुकानदाराने ते मान्य केलं. सवलत मागणं आणि कमी झालेला कर बिलात दाखवायला सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चढाचं गणितही याच सायकलीच्या बाजूने लागलं. पुढची सगळ्यात लहान चकती २८ दातांची, मागची सगळ्यात मोठी ३२ ची. म्हणजे पेडलचा एक फेरा पूर्ण झाला की मागचं चाक एक फेराही पूर्ण करत नाही, सायकल जेमतेम १.९ मीटर पुढे जाते. सपाटीवर हा गियर निरुपयोगी वाटतो. यवतेश्वरच्या वळणांवर नव्या माणसाला तोच लागतो. मागे २८ वर संपणाऱ्या सायकली आम्ही याच कारणाने बाजूला ठेवल्या, गियरची एकूण संख्या कितीही असो.

"सीट खाली घेऊ, जमून जाईल"

सगळं ठरलं आणि तिथेच खरेदी अडली. दुकानात ही सायकल होती ती मीडियम मापाची. वहिनींना स्मॉल हवी होती.

माप आधीच काढलं होतं. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये सीटसारखं वर दाबून धरायचं, पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलने खूण करायची आणि ती जमिनीपासून मोजायची. ७२ सेंटिमीटर. याला ०.८८३ ने गुणलं की दोन्ही पेडल ज्या मधल्या दांड्याभोवती फिरतात तिथपासून सीटच्या वरच्या टोकापर्यंतची उंची मिळते. वहिनींची साधारण साडेत्रेसष्ट.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, एवढा फरक नाही पडत. सीट खाली घेऊ, हँडल थोडं मागे घेऊ, जमून जाईल. दिवाळी पाडव्याला हातात देतो." त्या मीडियमवर वहिनी उभ्या राहिल्या तर वरची दांडी अंगाला टेकत होती. बसल्यावर हँडल इतकं लांब की कोपर सरळ. सीट खाली घेतल्याने दांडी खाली येत नाही आणि हँडलही जवळ येत नाही. चप्पल एक नंबर मोठी घेऊन आत कापूस कोंबावा, तसला तो उपाय.

दादा म्हणाला, घेऊन टाक, मुहूर्त साधेल. मीही फोनवर होतो. वहिनी म्हणाल्या, "मुहूर्त दर वर्षी येतो. स्मॉल मागवा, मी थांबते." पुण्याहून स्मॉल यायला पाडवा उलटून गेला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय तो होता, आणि त्याला एक पैसाही लागला नाही.

पुण्याला येऊन घेतली असती तर कदाचित निवड जास्त मिळाली असती, हजारभर रुपयेही वाचले असते. पण पुणे ११० किलोमीटर. नव्या सायकलीच्या तारा पहिल्या महिन्या-दीड महिन्यात ताणून सैल होतात, गियर बिनसतात, ब्रेक पुन्हा आवळावे लागतात. त्यासाठी कोणी सायकल पुण्याला नेत नाही, तशीच चालवत राहतं. साताऱ्यातला दुकानदार दोन सर्व्हिस फुकट देत होता आणि दुकान शाळेच्या वाटेवर होतं. आप्पांचं म्हणणं होतं ते हेच.

बिल

सायकल २२,५००
हेल्मेट १,६००
पुढचा-मागचा दिवा १,१००
कुलूप ७००
काट्याचा पंप १,१००
जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंक्चरचं साहित्य ४५०
मडगार्ड ६५०
जादा हँगर ३५०
घंटी १००
एकूण २८,५५०. शिल्लक १,४५०.

यातल्या हँगरचं सांगायला हवं. मागचे गियर बदलणारा डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याने फ्रेमला जोडलेला असतो तो हँगर. सायकल उजव्या बाजूला पडली की हा तुकडा वाकावा अशीच रचना असते, म्हणजे फ्रेम वाचते. पण त्याचा आकार मॉडेलप्रमाणे निराळा असतो, आणि तीन वर्षांनी ते मॉडेल बंद झालं तर साडेतीनशेच्या तुकड्यावाचून सायकल उभी राहते. आप्पांच्या ॲटलसला ही अडचण कधी आली नाही. नव्या घडणीच्या सायकलीला येते, म्हणून तो पहिल्याच दिवशी घेऊन ठेवायचा.

स्टँड दुकानदार फुकट लावून देत होता. मागच्या दांड्यांना शिकंजासारखा आवळायचा स्टँड ॲल्युमिनियमची नळी चेमटवू शकतो. या फ्रेमला स्टँडसाठी वेगळी पट्टी होती, त्यामुळे लावून घेतला. पट्टी नसती तर नको म्हटलं असतं, फुकट असला तरी.

गादीची शॉर्ट, हातमोजे, सायकलचा टी-शर्ट, बाटलीचा स्टँड या गोष्टी त्या दिवशी घेतल्या नाहीत. ८ किलोमीटरला यातलं काहीच लागत नाही. ओढणी मागे गाठ मारून बांधायची आणि सलवारीच्या उजव्या पायाला वेल्क्रोची पट्टी लावायची, एवढं पुरतं.

त्यानंतर

दिवाळीच्या सुट्टीचे उरलेले दिवस वहिनींनी गोडोलीतल्या आतल्या रस्त्यांवर घालवले. पहिली तक्रार सीटच्या उंचीची. "पाय जमिनीला टेकत नाहीत, पडेन मी." आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक जण सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकतील अशी सायकल वापरत मोठा झालेला आहे. तशा उंचीला गुडघा कधी पुरता सरळ होत नाही आणि चढाला दुखायला लागतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहायचं, ही सवय लागायला त्यांना आठवडा गेला. सीट आम्ही एकदम वर नेलं नाही, बोटबोट वाढवत साडेत्रेसष्टवर आणलं.

दुसरी तक्रार, हाताला झिणझिण्या. पुतण्याचं लगेच, "शॉकअप हवा होता!" टायरच्या कडेवर हवा ५० ते ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) अशी छापलेली होती आणि दुकानात सवयीने ७५ भरून दिली होती. ५६ किलोच्या माणसाला एवढी हवा म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक खडा हातात येणार. पंपाचा काटा बघून ५५ वर आणली आणि झिणझिण्या बऱ्याच कमी झाल्या. हजार रुपयांच्या पंपाने तिथेच आपली किंमत वसूल केली.

तिसरी तक्रार खरी निघाली. सोबत आलेलं सीट त्यांना टोचत होतं, आणि महिना उलटला तरी टोचत होतं. सुरुवातीचं दुखणं आठ-पंधरा दिवसांत जातं. त्यानंतरही राहिलं तर सीटची रुंदी चुकलेली असते. खोक्याचा नालीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवून त्या त्यावर बसल्या, थोड्या पुढे वाकल्या आणि उठल्या. पुठ्ठ्यात बैठकीच्या हाडांचे दोन खळगे उमटले. त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजलं तर सोबत आलेलं सीट मागच्या बाजूला स्पष्टपणे अरुंद होतं. जाड गादीचं नव्हे, रुंद आणि थोडं टणक सीट घेतलं, ९५० रुपयांना. मऊ गादीत हाडं बुडतात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो, म्हणून मऊ ते चांगलं हा समज सायकलीला लागू होत नाही. शिल्लक राहिली ५००. सगळे तीस हजार पहिल्याच दिवशी संपवले असते तर वहिनी याच टप्प्यावर पुन्हा ॲक्टिव्हावर गेल्या असत्या असं मला वाटतं.

आता त्या आठवड्यातले चार दिवस सायकलने शाळेत जातात. येताना माहुलीपासूनचा चढ सुरुवातीला त्या मध्ये उतरून पार करायच्या, हिवाळा संपता संपता न उतरता यायला लागल्या. पेट्रोलचा हिशेबही त्यांनी केला: १६ किलोमीटरला ॲक्टिव्हा साधारण ३७ रुपये खाते, म्हणजे चार दिवसांचे दीडशेच्या आत. शाळेचे चाळीस आठवडे धरले तर वर्षाला सहा हजार. सायकल "स्वतःचे पैसे स्वतः काढते" असं लोक सांगतात, पण या हिशेबाने तिला पाच वर्षं लागतील, आणि मधल्या काळात चेन, पॅड, टायर लागतीलच. पेट्रोल वाचतं म्हणून मी कुणाला सायकल घ्यायला सांगणार नाही. वहिनी चढाला दम न लागता घरी येतात आणि संध्याकाळी पाठ दुखत नाही, या कारणासाठी सांगेन.

वाचलेल्या पेट्रोलमधले महिन्याला २०० रुपये त्या वेगळ्या डब्यात टाकतात. वर्षाचे २,४०० होतात आणि देखभालीचा खर्च साधारण तेवढाच धरला आहे: दोन सर्व्हिस, एक चेन, ब्रेकचे पॅड, एखादी ट्यूब. चेनवर लक्ष ठेवायला मी त्यांना मोजपट्टी दिली आहे. चेन झिजून ०.७५ टक्के लांबली की बदलायची. सहा-सातशेची चेन वेळेवर बदलली तर तिच्या दुप्पट किमतीची कॅसेट वाचते.

कॅरियर अजून घेतलेला नाही. नऊशेचा आहे, डब्यात पैसे जमले की घेणार. तोवर वह्यांची बॅग पाठीवरच. पावसाळ्याआधी दोन कामं ठरली आहेत. पॅड तपासून घ्यायचे, कारण पावसातल्या चिखलाने ते उन्हाळ्यापेक्षा कितीतरी लवकर झिजतात, आणि चेनला ओल्या हवेत टिकणारं तेल आणायचं. यवतेश्वरला त्या एकदा अर्ध्यापर्यंत जाऊन आल्या. कासपर्यंत जायचं तर मात्र बाटलीचा स्टँड लागेल, तो त्यांनी वहीत पुढच्या महिन्याच्या खर्चात लिहून ठेवला आहे.